उजव्या पायावर अविश्वासाचा ठराव

मोटारीच्या इंजिनाला भूक असते ती पेट्रोलची, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि पंपावर पैसे मोजणाऱ्या माणसाने तसे समजणे स्वाभाविकही आहे. परंतु इंजिनाचा मुख्य आहार पेट्रोल नसून हवा हा आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणजे चाळीस लिटरची टाकी भरून निघालेली मोटार ती टाकी रिकामी होईपर्यंत चारशे किलोंहून अधिक हवा गिळते, आणि ही हवा वाटेत फुकट मिळत असल्यामुळे व तिच्यावर अद्याप कोणत्याही सरकारने कर बसवलेला नसल्यामुळे या आहाराचा हिशेब कोणी ठेवत नाही. पेट्रोल जास्त ओतणे अवघड नसते; ते जाळायला पुरेसा ऑक्सिजन इंजिनात पोहोचवणे अवघड असते. त्यासाठी तीन मार्ग उपलब्ध आहेत: इंजिनच मोठे करावे, किंवा आहे त्या इंजिनात हवा दाबून भरावी, किंवा ऑक्सिजन देणारा एखादा पदार्थ बाटलीत भरून बरोबर न्यावा. पहिल्या मार्गाने जाणाऱ्यांना श्रीमंत म्हणतात, दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांना हुशार म्हणतात, आणि तिसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांना काय म्हणावे याविषयी त्यांच्या घरच्यांत व मित्रांत मतभेद आढळतात. प्रस्तुत विवेचन ज्यांच्याविषयी आहे ते मात्र दुसरा व तिसरा मार्ग एकाच वेळी चोखाळतात, आणि तेही शर्यतीच्या खास यंत्रात नव्हे, तर नंबर प्लेट, विमा आणि मागच्या सीटवर मुलाचे दप्तर असलेल्या, सार्वजनिक रस्त्यावर रोज धावणाऱ्या मोटारीत.

यांपैकी हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जर या उपकरणाच्या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात बरीच ऊर्जा शिल्लक असते आणि ती तशीच वाऱ्यावर सोडली जाते, हे त्याला पाहवले नाही. म्हणून त्या धुराच्या वाटेत एक पात्यांचे चक्र, म्हणजे टर्बाइन, बसवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र, म्हणजे कॉम्प्रेसर, जोडावे, आणि टाकाऊ धुराकडूनच ताज्या हवेची भरती करून घ्यावी, अशी ही योजना आहे. वातावरणापेक्षा जो जास्तीचा दाब अशा रीतीने इंजिनाला मिळतो त्याला बूस्ट म्हणतात. तो मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून काही धूर टर्बाइनला वळसा घालून परस्पर बाहेर सोडणाऱ्या झडपेला वेस्टगेट म्हणतात. आणि दाबल्यामुळे तापलेली हवा आत जाण्यापूर्वी थंड करणाऱ्या जाळीदार पेटीला इंटरकूलर म्हणतात. या व्यवस्थेत पेच एकच आहे. भरपूर धूर असल्याशिवाय चक्र वेगाने फिरत नाही, चक्र फिरल्याशिवाय हवा मिळत नाही, आणि हवा मिळाल्याशिवाय भरपूर धूर होत नाही. हा पेच यथावकाश आपोआप सुटतो. परंतु ॲक्सिलरेटर दाबल्यापासून तो सुटेपर्यंत जो वेळ जातो त्याला टर्बो लॅग म्हणतात, टर्बो जितका मोठा तितका तो लांबतो, आणि या वेळात चालकाला आपल्या निर्णयाचा फेरविचार करण्याची जी उत्तम संधी लाभते ती तो सहसा दुसरा निर्णय घेण्यासाठी, म्हणजे तिसऱ्या मार्गातला नायट्रस विकत आणण्यासाठी, वापरतो.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हास्यवायू, जोसेफ प्रीस्टली याने १७७२ साली तयार केला, आणि त्यानंतर दीर्घकाळ तो इंजिनात न घालता माणसांत घातला गेला. ब्रिस्टल येथील न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये हा वायू रेशमी पिशव्यांत भरून स्वतः हुंगला आणि मित्रमंडळींनाही हुंगवला. त्या मंडळींत रॉबर्ट साउदी आणि सॅम्युअल टेलर कोलरिज हे कवी असल्यामुळे निरीक्षणांच्या नोंदींना विशेषणांची वाण पडली नाही. या वायूमुळे शारीरिक वेदना नाहीशा होतात असे दिसते, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे डेव्हीने १८०० सालच्या आपल्या ग्रंथात नमूद केले. परंतु वाचक हसण्यात इतके गुंतले होते की त्या विधानाची दखल घेतली जाण्यास चार दशके लागली. अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी १० डिसेंबर १८४४ रोजी हास्यवायूचा जाहीर खेळ झाला, तेव्हा वायूच्या अमलाखाली धडपडलेल्या एका माणसाला आपल्या पायाला जखम झाल्याचे कळलेच नाही, ही गोष्ट होरेस वेल्स या दंतवैद्याने टिपली आणि दुसऱ्याच दिवशी तो वायू घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली. इजा होत असताना ती कळत नाही, हा या वायूचा गुण दंतवैद्यकाला वरदान ठरला. मोटारीच्या क्षेत्रातही त्याचा हा गुण तसाच टिकून आहे, फक्त तेथे तो दोषांच्या यादीत मोडतो.

रासायनिक दृष्टीने पाहता या वायूच्या रेणूत नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, आणि वजनाने त्यात सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन भरतो, तर हवेत तो सुमारे २३ टक्केच असतो. सिलिंडरातील उष्णतेने हा रेणू फुटतो, फुटताना स्वतःही थोडी उष्णता देतो, मोकळा झालेला ऑक्सिजन जास्तीचे पेट्रोल जाळतो, आणि नायट्रोजन ज्वलनाला काहीसा आवर घालतो. शिवाय बाटलीत दाबाखाली द्रवरूप असलेला हा पदार्थ बाहेर पडताच उणे ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतो व आत येणारी हवा गारठवून टाकतो, आणि गार हवा अधिक दाट असल्यामुळे तीही इंजिनाच्या पथ्यावर पडते. मग सरळ शुद्ध ऑक्सिजनच का नेऊ नये, असा प्रश्न या क्षेत्रातील प्रत्येक नवशिक्या विचारवंताला एकदा तरी पडतो. त्याचे उत्तर असे की ऑक्सिजन साध्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही, त्यामुळे बाटलीत पुरेसा मावत नाही. आणि जो मावतो त्याला आवर घालायला नायट्रोजन सोबत नसल्यामुळे त्या इंजिनाचा पहिला आणि शेवटचा प्रवास एकच ठरण्याची शक्यता असते.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हास्यवायू स्वतः जळत नाही. तो दुसऱ्याला जाळण्यास मदत करतो, आणि मोटारीत जे जळणे अपेक्षित असते त्यात पेट्रोल येते, पिस्टन येत नाही. तसेच नायट्रस म्हणजे नायट्रो नव्हे. टॉप फ्युएल वर्गातील ड्रॅग शर्यतीच्या यंत्रांत वापरले जाणारे नायट्रोमिथेन हे एक इंधन आहे आणि नायट्रस हा इंधन जाळण्यास लागणारे सामान पुरवणारा वायू आहे. या दोहोंची गल्लत करणाऱ्या मनुष्याला गॅरेजात कोणी काही बोलत नाही, मात्र त्याच्या मोटारीला आपला हात लागू देत नाही.

नायट्रस आणि दाबून भरलेली हवा यांचा संयोग ही आजच्या उतावळ्या तरुणांची कल्पना आहे, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांकडे पाहावे. त्या विमानांच्या इंजिनांवर इंजिनाच्याच शक्तीने फिरणारा हवा दाबणारा पंप, म्हणजे सुपरचार्जर, असे. परंतु फार उंचीवर हवाच विरळ असल्यामुळे तोही अपुरा पडे, आणि तेथे इंजिनाला ऑक्सिजन मिळावा म्हणून नायट्रस ऑक्साइड फवारण्याची जीएम-१ नावाची व्यवस्था जर्मन हवाई दलाने केली. तिच्या नावातील पहिले अक्षर हवाई दलाचा प्रमुख हेर्मान ग्योरिंग याच्या आडनावाचे होते. हास्यवायूला स्मरून मात्र त्या व्यवस्थेला हाहा-यंत्रही म्हटले जाई. या इतिहासातून सुरक्षिततेचा एक महत्त्वाचा धडा मिळतो, तो असा की जर्मनांनी हा वायू जेथे हवा कमी होती तेथे वापरला. टर्बो बसवलेल्या मोटारीचा मालक तो जेथे हवा आधीच जास्त आहे तेथे वापरतो.

युद्धानंतर या वायूचे खरे माहेर अमेरिका झाले. नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स ही कंपनी १९७८ साली कॅलिफोर्नियात निघाली आणि तिच्या निळ्या बाटल्या ड्रॅग शर्यतीच्या पट्ट्यांवरून हळूहळू शहरांतल्या रस्त्यांवर उतरल्या. पुढे २००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा चित्रपट आला आणि ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यांनाही बाटली हवीशी वाटू लागली. त्या चित्रपटात बटण दाबताच रस्त्यावरचे दिवे रेषा होऊन मागे पळतात, लॅपटॉपवर धोक्याचा इशारा झळकतो आणि मोटारीच्या तळाचा पत्रा गळून पडतो. प्रत्यक्षात नायट्रसने पायाखालचा पत्रा गळत नाही. पायाखालची जमीन सरकते, आणि तीही गॅरेजवाल्याने इंजिन उघडून आत काय झाले आहे ते दाखवल्यानंतर.

टर्बो आणि नायट्रस एकत्र आणण्यामागे तर्क नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मोठ्या टर्बोचे चक्र फिरेपर्यंत जो रिकामा वेळ जातो त्यात नायट्रसचा एक लहानसा हप्ता, ज्याला या क्षेत्रात शॉट म्हणतात आणि जो किती अश्वशक्ती वाढवतो त्यावरून मोजला जातो, इंजिनाला दिला की धूर एकदम वाढतो, चक्र झपाट्याने वेग घेते, आणि बूस्ट आल्यावर नायट्रस बंद करता येतो. पन्नास-पंचाहत्तर अश्वशक्तीचा शॉट एवढ्याच कामापुरता वापरणे ही या विषयातील सर्वांत शहाणपणाची रीत समजली जाते, आणि म्हणूनच ती फार काळ पाळली जात नाही. बूस्ट आल्यावरही नायट्रस चालूच ठेवला तर काय होईल, हा विचार मनात येण्यास एक शनिवार पुरेसा असतो. तेव्हा काय होते ते असे: इंजिनात आधीच दाबून भरलेली हवा, त्यात वाढीव ऑक्सिजन, त्यामुळे वाढीव धूर, वाढीव धुरामुळे टर्बोचा वाढीव वेग, आणि तो सर्व धूर बाहेर सोडण्यास वेस्टगेट अपुरा पडल्यामुळे बूस्ट ठरवलेल्या मर्यादेच्या वर सरकत जाणे. बूस्टच्या या परस्पर चढत जाण्याला बूस्ट क्रीप म्हणतात. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला, ही म्हण मोटारींचा शोध लागण्यापूर्वीची असली तरी तिचे याहून नेमके उदाहरण नंतरच्या काळात सापडत नाही.

या प्रकारात इंजिन ज्याने मरते त्याला डिटोनेशन, किंवा गॅरेजच्या भाषेत नॉकिंग, म्हणतात. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर क्रमाने पसरावी अशी अपेक्षा असते. परंतु दाब आणि उष्णता अतोनात वाढली की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपण होऊन एकदम भडकते. ज्वलनाचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा बनतो ते सुमारे ६६० अंशांना वितळते. तरीही एरवी पिस्टन टिकतो, तो त्याच्या पृष्ठभागावर चिकटून राहणाऱ्या तुलनेने थंड वायूच्या पातळ थरामुळे आणि उष्णता सतत इतरत्र वाहून जात असल्यामुळे. डिटोनेशनचा धक्का हा थर उडवून लावतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तरी परिणाम हाच होतो, आणि नायट्रसच्या जोडीने ते पुरेसे न पोहोचणे हेच पिस्टनला भोक पडण्याचे सर्वांत प्रचलित कारण आहे. म्हणून जाणकार मंडळी नायट्रससोबत पेट्रोल गरजेपेक्षा थोडे जास्तच देतात, चांगल्या ऑक्टेनचे देतात, ठिणगी दर पन्नास अश्वशक्तीमागे सुमारे दोन अंश उशिरा पाडतात, म्हणजे दाबाचा कळस पिस्टन खाली निघाल्यावर यावा अशी व्यवस्था करतात, आणि लवकर तापून स्वतःच मिश्रण पेटवू न शकणारे, एक-दोन पायऱ्या थंड प्रकारचे स्पार्क प्लग बसवतात. पेट्रोल व नायट्रस दोन्ही एकाच नळीतून फवारणारी जी ओली पद्धत आहे तिची नळी इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला बसवतात. ती मागे बसवली तर इंटरकूलरमध्ये पेट्रोल साठते आणि इंटरकूलर ही पेट्रोल साठवण्याची जागा नव्हे, हे पटवून देणारा भडका फार मोठ्या आवाजात बोलतो.

एवढे सारे केल्यावरही मुख्य धोका शिल्लक राहतो, आणि तो म्हणजे चालकाचा उजवा पाय. सुरक्षिततेचे खरे शास्त्र येथे सुरू होते. बाटलीतून येणारा वायू सोलेनॉइड नावाच्या विजेवर उघडणाऱ्या झडपेशी थांबलेला असतो, आणि त्या झडपेला मिळणारा विद्युतप्रवाह एका सरळ तारेने न नेता एकामागून एक अशा अनेक स्विचांमधून नेला जातो. यांतील एकानेही नकार दिला की वायू मिळत नाही. ही रचना सरकारी कचेरीतील नस्तीच्या प्रवासाशी इतकी जुळते की ती मोटारीसाठी केलेली आहे यावर विश्वास ठेवणे मराठी वाचकाला जड जाते. पहिल्या टेबलावर मुख्य स्विच बसतो आणि अर्जदाराचा अर्ज खरोखरच आहे की चुकून बटण दाबले गेले, एवढे पाहतो. दुसऱ्या टेबलावरचा स्विच ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आहे की नाही हे तपासतो, कारण अर्धवट उघड्या वाटेने हवा कमी आणि नायट्रस जास्त गेल्यास मिश्रण बिघडते. गिअर बदलताना पाय उचलला की हाच स्विच अर्ज तत्काळ फेटाळतो. तिसऱ्या टेबलावर इंजिनाचे फेरे पाहणारा विंडो स्विच असतो. मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्यांच्या खाली तो सही करीत नाही, कारण मंद फिरणाऱ्या इंजिनात वायू व पेट्रोल वाटेतच साचून उलटा भडका उडतो. आणि वरच्या बाजूस इंजिनाचा स्वतःचा फेरे-मर्यादक लागू होण्याच्या आधीच तो काम बंद करतो, कारण तो मर्यादक बहुतेक मोटारींत पेट्रोल तोडतो, नायट्रस तोडत नाही, आणि पेट्रोलविना नायट्रस म्हणजे पिस्टनचे निवृत्तिपत्र. चौथा स्विच पेट्रोलचा दाब घसरला की नस्ती परत पाठवतो. पाचवा बूस्टचा दाब पाहतो आणि तो ठरावीक आकड्याला पोहोचला की, टर्बो महाशय स्वतः उपस्थित झाल्यामुळे आता प्रतिनिधीची आवश्यकता उरली नाही, असा शेरा मारून वायू बंद करतो.

कचेरी आणि ही तारेची साखळी यांत एक मूलभूत फरक मात्र आहे. कचेरीतील टेबले अर्जदाराने मांडलेली नसतात. येथे प्रत्येक टेबल अर्जदाराने स्वतःच्या पैशाने विकत आणलेले असते, त्यावर आपल्यालाच नकार देणारा अधिकारी स्वतः नेमलेला असतो, आणि तो नकार देतो की नाही याची चाचणी घेऊन समाधानही व्यक्त केलेले असते. मनुष्य शांत असताना आपल्या उतावळ्या अवस्थेविरुद्ध जो अविश्वासाचा ठराव मांडतो, त्याचे इतके स्पष्ट तांत्रिक रूप अन्यत्र क्वचितच आढळते. अर्थात जेथे टेबले आली तेथे टेबलाखालचा व्यवहारही येतो. एखादा स्विच वारंवार अडवतो असे दिसले की दोन तारा परस्पर जोडून त्याला वगळता येते, आणि या एक वीत लांबीच्या तारेइतकी स्वस्त लाच जगात दुसरी नसेल. तिच्या खालोखाल मोह जेटचा असतो. जेट म्हणजे किती वायू जाईल ते ठरवणारी बारीक भोकाची पितळी नळी. ती बदलून मोठी बसवण्यास काही मिनिटे लागतात, मोठी बसवल्याने काय झाले ते समजण्यास काही सेकंद लागतात, आणि इंजिन बांधून परत मिळण्यास किती काळ लागतो ते गॅरेजवाल्याच्या स्वभावावर अवलंबून असते.

बाटलीचे शास्त्र स्वतंत्रपणे पाहावे लागते. ती डिकीत पट्ट्यांनी घट्ट आवळलेली असावी, तिच्या सुरक्षा-झडपेची नळी मोटारीच्या बाहेर काढलेली असावी, आणि तिच्या जोडण्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण ऑक्सिजन देणाऱ्या पदार्थाला तेलाची संगत सोसत नाही. बाटलीतील दाब साधारण ९०० ते १००० पीएसआय, म्हणजे वातावरणाच्या साठ ते सत्तर पट, असावा असे मानतात. थंडीत तो घसरतो, म्हणून बाटलीला विजेचे आवरण गुंडाळून ऊब देतात. ज्वाळेने बाटली तापवू नये, असे माहितीपत्रकांत ठळक छापलेले असते, आणि हे वाक्य छापावे लागते यावरून ते छापण्यापूर्वी काय घडत असावे याचा अंदाज येतो. उष्ण देशांत अडचण उलटी आहे. नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्यावर तो कितीही दाबला तरी द्रवरूपात राहत नाही ते तापमान, ३६.४ अंश सेल्सिअस आहे. भारतात गॅसच्या बाटल्यांविषयीचे २०१६ चे नियम ज्या केंद्रीय संस्थेमार्फत राबवले जातात त्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर सहज जातो. म्हणजे नियम जेथून राबवले जातात तेथेच भर उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीतील नायट्रस द्रवरूप राहण्याचे नाकारतो. अशा वेळी दाब झपाट्याने वाढतो आणि अखेर सुरक्षा-झडपेतील चकती फुटून सारा वायू बाहेर पडतो. नळी बाहेर काढलेली नसेल तर तो आतल्या माणसांची हवा हटवून त्यांना गुदमरवतो, आणि हास्यवायूच्या दीर्घ इतिहासात हा प्रसंग हसण्याच्या सर्वांत कमी लायकीचा आहे. हा वायू कोणी हुंगू नये म्हणून अमेरिकेत मोटारींसाठी विकताना त्यात अत्यल्प सल्फर डायऑक्साइड मिसळतात. वारंवार हुंगल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जातंतूंना इजा होते, हे त्यामागचे कारण आहे. इंजिनाला नाक आणि मज्जातंतू दोन्ही नसल्यामुळे त्याची तक्रार नसते.

रस्त्यावरच्या वापराचा विचार करताना खर्च आणि उपभोग यांचे गुणोत्तर लक्षात घ्यावे लागते. साडेचार किलोंची प्रचलित बाटली शंभर अश्वशक्तीच्या शॉटला साधारण दीड मिनिट पुरते, आणि त्या दीड मिनिटासाठी डिकीतील अर्धी जागा वर्षभर अडते. शंभर घोडे खालच्या गिअरमध्ये एकदम येऊन उभे राहिले की टायरना रस्ता धरवत नाही, त्यामुळे ते टप्प्याटप्प्याने सोडणारा आणखी एक नियंत्रक, अधिक मजबूत क्लच आणि अधिक रुंद टायर विकत घ्यावे लागतात. उरलेल्या वायूचा एक भाग पर्ज नावाच्या विधीत जातो. नळीत साचलेला वायुरूप भाग बाहेर सोडून झडपेपर्यंत द्रव आणणे हा त्याचा मूळ हेतू आहे. परंतु बोनेटजवळून उठणारा पांढरा फवारा सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्यांना दिसतो, हे ध्यानात आल्यापासून हेतू मागे पडला आणि फवारा पुढे आला. खाऊन माजावे, टाकून माजू नये, हे येथे सांगावेसे वाटते, विशेषतः हा वायू वातावरण तापवण्यात वजनास वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी असल्यामुळे. कायद्याची बाजू भारतात तरी संदिग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटारीत करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा काटेकोर अर्थ लावला आहे, आणि कलम १८९ अन्वये राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. तेव्हा सर्वांत सुरक्षित रस्ता म्हणजे बंदिस्त धावपट्टी, जेथे अग्निशमनाची व्यवस्था असते, रुग्णवाहिका असते, आणि समोरून रिक्षा येत नाही.

या विवेचनाचा निष्कर्ष काढण्यास एक जुने उदाहरण उपयोगी पडते. टर्बो बसवून विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी एक म्हणजे १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर. तिच्या साडेतीन लिटरच्या इंजिनात डिटोनेशन होऊ नये म्हणून कारखान्याने पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय केली होती, त्याला टर्बो रॉकेट फ्लुइड असे भारदस्त नाव दिले होते, आणि त्याची टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी करणारी झडपही बसवली होती. मालक ती टाकी भरण्यास विसरत, झडप इमानाने आपले काम करी, आणि मोटार मंदावल्याची तक्रार घेऊन मालक विक्रेत्याच्या दारात उभे राहत. अखेरीस अनेक मोटारींचे टर्बो काढून त्यांना साधे कार्बोरेटर बसवून देण्याची वेळ कंपनीवर आली. जेटफायरच्या मालकाला एका झडपेचा नकार सहन झाला नाही; नायट्रसवाला पाच-पाच नकार स्वतःच्या डॅशबोर्डखाली बसवतो, त्यांच्या तारा रंगीत वेष्टनांत नीटनेटक्या बांधतो आणि पाहुण्यांना बोनेट उघडून दाखवतो. सुरक्षितता कारखान्यातून बसून आली की गिऱ्हाईक तिला खोट म्हणते, आणि तीच पदरचे पैसे मोजून बसवली की तिला ट्यूनिंग म्हणते. तेव्हा टर्बो असलेल्या मोटारीत नायट्रस सुरक्षितपणे वापरायचा असेल तर सुरक्षिततेचे प्रत्येक उपकरण वेगळे, महाग आणि शक्य तितक्या चकचकीत खोक्यात विकावे, हाच या अभ्यासातून निघणारा एकमेव व्यवहार्य उपाय होय.